वाचलेलं पेट्रोल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, आणि मी वर्षाला सव्वाशे लिटर पेट्रोल जाळते, असं एका मोठ्या कंपनीच्या अहवालात लिहिलेलं आहे. हसू नका. सह्या झालेल्या आहेत.

साकोलीत मी पोत्यात बांधून, सुट्या भागांत आले. बाबुलाल मिस्त्रीने अर्ध्या दिवसात मला जोडलं. घंटी तेवढी वाकडी बसवली, ती आजही वाकडीच आहे. विमा कंपनीने मला विकत घेतलं आणि तेजरामच्या हाती दिलं. तेजराम कंत्राटी शिपाई. सात किलोमीटरवरच्या खेड्यातून यायचा आणि दिवसातून चार वेळा गावातल्या रेकॉर्ड खोलीत डाक पोहोचवायचा. बारा वर्षांत डाक एकदाही भिजली नाही. त्याची मुलगी टीना लहानपणी माझ्या दांडीवर बसायची. हे सगळं घडलं तेव्हा ती भंडाऱ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं शिक्षण तेजरामच्या याच नोकरीवर चाललेलं.

आमचं कार्यालय महामार्गावर, तीन मजली, सगळं काचेचं. आत दोनशे माणसं. मे महिन्यात बाहेर डांबर पातळ व्हायचं आणि आत बाया स्वेटर घालून बसायच्या. दसऱ्याला साहेबांच्या गाड्यांना समोर हार पडायचे. मी मागच्या दाराशी, जनरेटरच्या बाजूला. हार उरला तर मला. साहेब लोकांनी तो दरवाजा कधी पाहिला नाही, म्हणून त्यांनी मलाही पाहिलं नाही.

मग वरून हुकूम आला, की कार्यालयाने धूर कमी करायचा. नागपूरहून नवीनच बदलून आलेला योगेंद्र नावाचा बाबू यादी करायला बसला. कोण कशाने येतो, किती तेल जाळतो. पण त्याने ते विचारलं मोठ्या हॉलमध्ये, नाव पुकारून, सगळ्यांसमोर. लोकांना वाटलं, प्रदर्शनच आहे. जो तो गाडीचं मॉडेल सांगू लागला. हिशेबातल्या भैयाजींनी आपली जुनी स्कूटर सांगितली, तर मागून कोणीतरी म्हणालं, "अजून चालते का जी ते? का तुम्हीच तिले ढकलत आणता?" हॉल खदखदून हसला.

पुढचं नाव तेजरामचं होतं.

"मोटारसायकल," तो म्हणाला.

डाकेच्या फेऱ्याही गाडीनेच का, असं योगेंद्रने विचारलं. तेजरामने मान हलवली. मी खिडकीबाहेर उभी होते. घंटी वाजवावी असं फार वाटलं, पण तिला अंगठा लागतो.

यादी साहेबांसमोर गेली. एसीला हात लावायचा नव्हता, ग्राहक घामाघूम होतील. जनरेटरला नाही, कॉम्प्युटर बंद पडतील. साहेबांच्या सहा गाड्यांना तर नाहीच, सहाही साहेब त्याच बैठकीत बसलेले. प्रत्येक ओळीला कोणी ना कोणी वाली निघाला. डाकेच्या फेऱ्यांना निघाला नाही. त्या बंद झाल्या. सव्वाशे लिटर पेट्रोल वाचलं, आणि एका महिन्याने तेजरामची गरजही संपणार असं कंत्राटदाराने कळवलं.

तेजराम योगेंद्रला मागच्या दाराशी घेऊन आला आणि माझ्या सीटवर हात ठेवून उभा राहिला.

"योगेंद्रबाबू, मी खोटं बोललो. माझ्यापाशी गाडी नाही. हेच आहे."

योगेंद्रने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माणूस वाईट नव्हता, त्याचा चेहरा उतरला. "मग तेव्हा काहून नाही सांगितलं, तेजरामभाऊ?"

"सारे आयकून राहिले होते."

मग योगेंद्र म्हणाला, "आकडा वरच्या ऑफिसात गेला भाऊ. तिकडून अभिनंदनाचं पत्र आलं. आता मी कसं सांगू, का जे पेट्रोल आपण वाचवलं ते जळतच नव्हतं?"

"पोरीचं एक वर्ष बाकी आहे जी."

योगेंद्रने मान खाली घातली आणि तो आत गेला. दार आपोआप बंद झालं. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून तसं बसवलेलं आहे.

महिना भरला. मी कंपनीचा माल, म्हणून तेजरामला मला नेता आलं नाही. विकत मागितलं, तर चौकीदार म्हणाला, वरून मंजुरी लागते. शेवटच्या दिवशी त्याने पंप आणून माझ्या दोन्ही चाकांत हवा भरली, दाबून पाहिली, आणि आपल्या खेड्यापर्यंत सात किलोमीटर पायी गेला. आता रेकॉर्डचे कागद न्यायला एक टेम्पो येतो. तो बाहेरच्या कंपनीचा, म्हणून त्याचा धूर आमच्या यादीत धरत नाहीत. टीना शिक्षण सोडून घरी आली आहे, असं चौकीदार कोणाला तरी सांगत होता. माझ्या चाकांतली हवा कधीच गेली.

मित्रांनो, माझ्या सांगण्याने काही बदलेल अशी आशा मला उरलेली नाही. तरी सांगते. मोठे व्हाल तेव्हा तुम्हीही अशा याद्या कराल, कराव्याच लागतील. तेव्हा एखाद्याला चारचौघांत उभं करून तुझ्यापाशी काय आहे, असं विचारू नका. आधी उठा, मागच्या दारापर्यंत जा आणि स्वतः बघून या. फार लांब नसतं ते. आमच्याकडे चाळीस पावलं होतं.