नकुलच्या बदल्यात रूबेन

ऑगस्टमधला आणखी एक सामना हरून सगळे शशिधरकाकांच्या घरी जमले, तेव्हा मिसळीचं पातेलं ओट्यावर झाकलेलंच राहिलं. जिंकलं तरी मिसळ आणि हरलं तरी मिसळ, हा लूम्स संघाचा जुना रिवाज. आज मात्र कुणी वाटी मागितली नाही.

सुयशने चिखलाचे बूट दाराबाहेर काढले, आत येऊन सोफ्यावर अंग टाकलं आणि वरदाकडे न बघताच म्हणाला, "नकुलला द्यायला नको होतं."

"हे तू मागच्या रविवारीही म्हणालास," वरदा म्हणाली.

"पुढच्या रविवारीही म्हणणार. नंतर म्हणायला रविवार उरणारच नाहीत."

ते खरं होतं. कॉव्हेंट्री लूम्स हा इंग्लंडमधला हौशी बेसबॉल संघ त्यांच्या लीगमध्ये तळाला होता, आणि मोसम संपताना तळाला राहील त्या संघाला बाहेर काढून प्रतीक्षायादीतल्या नव्या संघाला जागा मिळणार होती. एवढंच असतं तर चाललं असतं. पण शहराच्या कौन्सिलने मैदान दिलं होतं ते लीगमध्ये खेळणाऱ्या संघाला. लीग गेली की मैदान जाणार, आणि ते कधी मोकळं होतंय याकडे एक फुटबॉल अकादमी डोळे लावून बसली होती. शशिधरकाका पुण्याहून इथल्या हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट म्हणून आले तेव्हा त्यांना क्रिकेटसाठी मैदान मिळेना. कुणालाच नको असलेलं, एका कोपऱ्यात बेसबॉलची जाळी गंजत पडलेलं हे मैदान मिळालं. मग त्यांनी खेळच बदलला. आज त्यांचे गुडघे गेले होते आणि ते नुसते बाकावर बसून संघ चालवत, पण मैदानाच्या कडेचं गवत अजून स्वतः कापत.

"सुयश, तिला एकटीला बोलू नकोस," काका म्हणाले. "निर्णय माझा होता."

"काका, निर्णय तुमचा, पण आकडे तिचे."

हेही खरं होतं. वरदाने संख्याशास्त्रात एमएससी केलं होतं आणि ती पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. बेसबॉल तिला खेळता येत नव्हता. पण पहिल्यांदा सामना बघायला आली आणि तिच्या लक्षात आलं, की या खेळात प्रत्येक चेंडू स्वतंत्रपणे मोजता येतो. बस, त्या दिवसापासून ती लूम्सची स्कोअरर झाली. तिच्या घरापासून मैदानाकडे थेट बस नव्हती, म्हणून नकुल तिला गाडीतून आणायचा. नकुल नागपूरचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा. वाटेत ती त्याला कुणाची सरासरी का घसरली ते सांगायची आणि तो म्हणायचा, "तू बोल, मला समजून नाही राहिलं, पण ऐकायला बरं वाटते."

या लीगमध्ये एक सोय होती. जुलैच्या शेवटच्या रविवारपर्यंत दोन संघांना, दोन्ही खेळाडूंची तयारी असेल तर, खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड, करता येत असे. त्यानंतर याद्या बंद. शेजारच्या लेमिंग्टनच्या संघाकडे रूबेन नावाचा व्हेनेझुएलाचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, होता. तो नुकताच कॉव्हेंट्रीत राहायला आला होता आणि त्याला जवळचा संघ हवा होता. लेमिंग्टनला पहिल्या बेसवर उभा राहील असा माणूस हवा होता. पहिल्या बेसवरचा म्हणजे फलंदाज धावत त्या पहिल्या टप्प्यावर पोचायच्या आत दुसऱ्यांनी फेकलेला चेंडू तिथे पाय ठेवून झेलणारा आणि त्याला बाद करणारा, आणि लूम्समध्ये ती जागा नकुलची होती.

वरदाने दोन मोसमांचे आकडे मांडले. नकुल फलंदाजीत सुमार होता, झेल घेण्यात बरा. रूबेन आला तर समोरच्यांच्या धावा जवळजवळ निम्म्यावर येतील, असा तिचा अंदाज होता. उत्तर इतकं स्वच्छ होतं की तिने ते तीनदा तपासलं. इतकं स्वच्छ उत्तर आलं की प्रयोगशाळेतही ती तेच करायची.

काका म्हणाले, "नकुलला तूच विचार. तुझं ऐकेल."

तिने गाडीतच विचारलं. नकुल सिग्नलला थांबला होता. "तुझ्या गणितात बसते ना?" त्याने विचारलं.

"बसतं. पण तुला जायचं नसेल तर—"

"बसते ना? मग जातो," तो म्हणाला, आणि सिग्नल सुटला. घरी पोचेपर्यंत त्याने रेडिओ लावून ठेवला.

रूबेन आला आणि अंदाज बरोबर ठरला. समोरच्यांच्या धावा खरोखरच निम्म्यावर आल्या. तरीही लूम्स हरत राहिले, कारण त्यांच्या स्वतःच्या धावा आटल्या. याचं कारण वरदाला सापडत नव्हतं. फलंदाज तेच होते, मैदान तेच.

"कारण मी सांगतो," सोफ्यावरून सुयश म्हणाला. "आपण पळत नाही."

"म्हणजे?"

"चेंडू बॅटला लागतो आणि आपण उभे राहतो. आपण सगळे क्रिकेटवाले आहोत. चेंडू हळू गेला, हाताजवळ गेला, की आपल्या अंगातच येतं, रन नाही, थांब. इथे थांबायची सोयच नाही. लागला की पळायचं. नकुल होता तेव्हा तो पहिल्या बेसपाशी उभा राहून ओरडायचा."

आपला संघ फलंदाजी करत असताना पहिल्या बेसशेजारी आपलाच एक माणूस उभा राहू शकतो, धावणाऱ्याला सांगायला. नकुल कायम तिथे असे. तो लहानपणी क्रिकेट फारसा खेळलाच नव्हता, शाळेपासून कॉलेजपर्यंत खो-खो खेळला होता. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज झाला रे झाला की तो पूर्ण ताकदीने "खो!" म्हणून ओरडायचा. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेला माणूस तो शब्द ऐकून विचार करत बसत नाही. वरदाला त्या ओरडण्याचा त्रास व्हायचा. एकदा तिने त्याला सांगितलंही होतं, की जरा हळू ओरड, माझी नोंद चुकते.

"हे मोजता येईल का?" तिने विचारलं.

"अगं, सगळंच काय मोजतेस!"

"नाही, मी खरंच विचारतेय. एरवी बाद झाले असते असे किती जण त्याच्यामुळे वाचले? एखाद्या सामन्यात एक? मग रूबेनचा फायदा त्याहून जास्त आहे. आणि ओरडायचंच असेल तर दुसरं कुणीही ओरडू शकतं. त्याला खेळाडू म्हणून किंमत कशी देणार?"

सुयशने हात जोडले. "धन्य आहेस."

तरी काकांनी अपूर्वला त्या जागेवर उभं राहायला सांगितलं. अपूर्व पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेला, आवाज खणखणीत. सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला.

शेवटचा सामना लेमिंग्टनशी होता, घरच्या मैदानावर. जिंकलं तर लूम्स तळातून वर येणार होते, हरले तर नाही. सकाळी नकुल लेमिंग्टनच्या लाल शर्टात गाडीतून उतरला, तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले. "काय बे, लाल शोभते का मला?" तो म्हणाला. अपूर्व म्हणाला, "गद्दार!" आणि त्याला मिठी मारली. वरदा स्कोअररच्या टेबलापाशी पेन्सिलीला टोक करत बसली. नकुल लांबूनच तिला हात हलवून बेसकडे गेला.

रूबेनने मोसमातली सर्वात चांगली पिचिंग केली. लेमिंग्टनला त्याने दोनच धावा दिल्या. वरदा प्रत्येक चेंडू लिहीत होती आणि पुन्हा पुन्हा मनात म्हणत होती, बरोबर होतं, बरोबर होतं. पण लूम्सची फलंदाजी आली की तिची मान वर होई आणि तिला ते दिसे. एकदा दिसल्यावर मग ते दिसायचं थांबेना. चेंडू लागायचा. फलंदाजाची बॅट अर्ध्यात थांबायची. नजर पहिल्या बेसकडे जायची. तिथे अपूर्व डोळे बारीक करून चेंडू कुठे गेला ते बघत असायचा, रन आहे का ते ठरवायचा, मग ओरडायचा, "खो!" तोही क्रिकेटवालाच होता. तोवर चेंडू नकुलच्या हातात पोचलेला असायचा.

शेवटच्या डावात लूम्स एका धावेने मागे होते. दोन जण बाद झाले होते. रूबेन तिसऱ्या बेसवर, फलंदाजीला सुयश. सुयश पहिल्या बेसवर सुखरूप पोचला असता तर रूबेनची धाव धरली जाऊन बरोबरी झाली असती. बाद झाला असता तर सगळं संपलं असतं. काका बाकावरून उठून जाळीला धरून उभे होते.

सुयशने मारलेला चेंडू नीट बसला नाही. तो गवतातून घरंगळत डावीकडे गेला, क्रिकेटमध्ये ज्याच्यावर कुणी धावत नाही तसा. लेमिंग्टनचा पोरगा त्याच्यावर झेपावला आणि चेंडू त्याच्या हातातून निसटला. खूप वेळ होता. माणूस चालत गेला असता तरी पोचला असता. रूबेन स्पॅनिशमध्ये काहीतरी किंचाळत सुटला होता. आणि सुयश बॅट हातात धरून जागेवरच उभा होता, एवढी वर्षं जिकडे बघत आला तिकडेच, पहिल्या बेसकडे बघत.

तिथे नकुल होता. लाल शर्टात, एक पाय बेसवर, हातमोजा उघडून. तो सुयशकडे बघत होता. वरदाला त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. मग ते मिटलं.

अपूर्वचा "खो!" आला तेव्हा सुयश धावला, जीव खाऊन धावला. चेंडू नकुलच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज स्कोअररच्या टेबलापर्यंत ऐकू आला.

सामना संपल्यावर कुणी कुणाला दोष दिला नाही, ते जास्त वाईट होतं. लेमिंग्टनवाले हस्तांदोलन करून लवकर निघून गेले. सुयश जमिनीत रोवलेले बेस पान्याने सैल करत होता. ते करायची आज काही गरज नव्हती, पण तो करत होता. काका वरदाच्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले.

"वरदा, एक सांग. रागावून विचारत नाही. ट्रेड बरोबर होता की चूक?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आकडे समोर होते. रूबेन आल्यापासून समोरच्यांच्या धावा निम्म्या. त्याच्याशिवाय आजचा सामना इतका जवळ आलाच नसता. नकुल गेल्यावर स्वतःच्या किती धावा गेल्या हे तिला सांगता येत नव्हतं, कारण न धावलेला फलंदाज आणि धावून बाद झालेला फलंदाज यांना तिने दोन वर्षं एकाच खुणेने लिहिलं होतं. बघत असूनही वेगळं लिहावं असं तिला सुचलं नव्हतं.

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "आता कळायची सोय नाही."

"तरी?"

"रूबेनचा फायदा मोठा होता. तो मी अजूनही नाकारणार नाही. पण त्याच्या बदल्यात आपण काय दिलं तेच मी मोजलं नव्हतं. मग फायदा झाला असं कशाच्या आधारावर म्हणू?"

काकांनी मान हलवली. "मला वाटलं होतं, तू तरी ठामपणे काहीतरी म्हणशील. म्हणजे मलाही कुठलीतरी एक बाजू धरून झोप लागली असती." ते हसले नाहीत. मग सामानाच्या शेडकडे बघत म्हणाले, "मंगळवारी कौन्सिलचा माणूस येणार आहे. शेड रिकामी करायला लागेल. एवढं सामान कुठे ठेवायचं?"

"माझ्या गॅरेजमध्ये ठेवा," सुयश जमिनीवरूनच म्हणाला. "पुढच्या वर्षी परत अर्ज करू."

प्रतीक्षायादीत किती संघ आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नकुल गेला नव्हता. त्याच्या संघाची गाडी पुढे गेली होती आणि तो कुंपणापाशी आपल्या गाडीला टेकून उभा होता. वरदा तिकडे गेली. काय विचारायचं ते तिने ठरवलं नव्हतं, तरी तोंडातून तेच निघालं.

"तू ओरडणार होतास."

"हो."

"मग?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी तिकडचा होतो न वरदा. तिकडची पोरंही जीव तोडून खेळून राहिली होती. त्यांना काय सांगू, माझे जुने दोस्त होते म्हणून ओरडलो?" मग म्हणाला, "सुयश माझ्याकडे असा पाहून राहिला होता... मला ते आता जिंदगीभर दिसणार."

"चूक माझी आहे."

"असेल. मीच हो म्हटलं होतं. तू म्हटलं असतं ना, नको जाऊस, तर गेलो नसतो. पण तू ते कशाला म्हणशील? आकड्यात बसत नव्हतं."

तिला सांगायचं होतं की ती म्हणणार होती, सिग्नलपाशी, ते अर्धं राहिलेलं वाक्य तेच होतं. पण ते खरं होतं का, हे तिला स्वतःलाच नक्की माहीत नव्हतं, आणि नक्की नसलेलं बोलायची तिला सवय नव्हती.

"पुढच्या वर्षी परत ये," ती म्हणाली.

नकुलने तिच्या खांद्यावरून मैदानाकडे पाहिलं. सुयश आणि रूबेन मिळून पहिला बेस उपसत होते. तो इतकी वर्षं रुतून बसला होता की निघत नव्हता. रूबेन काठीने माती उकरत होता.

"कुठे येऊ?" नकुल म्हणाला.

तो गाडीत बसला. तिच्यासाठी दुसरं दार उघडलं नाही, आणि तिनेही वाट पाहिली नाही. बेस एकदाचा सुटला, तेव्हा त्याखाली चौकोनी, पांढरट, गवत नसलेली माती दिसली. काका वाकून ती पायाने सारखी करू लागले. वरदा त्यांच्या मदतीला गेली.