कडक पेडल

चष्मेवाल्यांच्या गाडीने पावाच्या व्हॅनला मागून जे टेकवलं, त्याला धडक म्हणणं म्हणजे राईचा पर्वत करणं. व्हॅनच्या बंपरवर ओरखडासुद्धा उमटला नाही. पाववाला उतरून आला, गाडीच्या बुटक्या नाकावर त्याने लाडाने थाप मारली आणि हसत निघून गेला. पण शेजारच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, चष्मेवाल्यांची बायको बसली होती. ती हसली नाही.

"ब्रेक ढिले झालेत," चष्मेवाले म्हणाले.

ब्रेक ढिले झाले नव्हते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात आपल्या चष्म्यांच्या दुकानातल्या शिडीवरून ते कमरेवर आपटले होते. पाठ दुखायची थांबली, पण उजव्या मांडीतला जोर गेला तो गेलाच. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम ते दुकानाच्या मागच्या खोलीत, दार लावून करत. घरी सांगितलं होतं की सगळं ठणठणीत आहे. जिन्यापाशी आले की ते बायकोला म्हणत, "तू हो पुढे." ती वळणाआड गेली की कठडा धरून आधी डावा पाय वर ठेवत आणि उजवा मागून ओढून घेत.

इतर कुठल्या गाडीत हे झाकलं गेलं असतं. हल्लीच्या गाड्यांना ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर असतो, बोट टेकवलं तरी गाडी थांबते. ही गाडी तशी नव्हती. दोन सीट, इवलंसं इंजिन, पत्र्याचं हलकं अंग आणि वर उघडं आभाळ. बनवणाऱ्यांनी वजन वाचवायला बूस्टरसुद्धा बसवला नव्हता. पायाचा जोर जेवढा, तेवढाच ब्रेकचा. तरुणपणी चष्मेवाल्यांना तीच तर तिची ऐट वाटायची. दुकान नीट चालू लागलं त्या वर्षी त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती, आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी नवराबायको तिच्यातून निघाले नाहीत असं क्वचितच झालं होतं.

बायकोने त्या संध्याकाळी भांडण केलं नाही. भांडण परवडलं असतं. तिने शांतपणे निकाल दिला: ब्रेक नीट करून घ्या, मग बाजारामागच्या मोकळ्या आवारात मला ती थांबवून दाखवा. जमलं तर गाडी राहील, नाहीतर कोपऱ्यावरचा फुलवाला कधीपासून मागतो आहे. "कुणाच्या घरात घुसण्याआधी ती कुणाच्या तरी घरी दिलेली बरी," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

चष्मेवाल्यांचा साडू ब्रेकचंच काम करायचा. त्याच्या गॅरेजात इंजिनाला कुणी हात लावत नसे. घरातही सगळे त्याला ब्रेकवालाच म्हणत. एकाच घरातल्या दोन बहिणी केल्यामुळे दोघांना बायकांविषयीची तक्रार करायला एकमेकांशिवाय जागा नव्हती, आणि ती जागा दोघांनी वर्षानुवर्षं नीट सांभाळली होती.

ब्रेकवाल्याने विचारलं, नेमकं होतंय काय. चष्मेवाल्यांनी त्याच्याच गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य सांगितलं: पेडल मऊ लागतं, स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. ब्रेकवाल्याने सीटवर बसून पेडल दाबून पाहिलं. जुन्या गाडीचं असतं तेवढं मऊ होतंही. साडूच्या शब्दावर शंका घ्यायचं त्याला कारण नव्हतं. त्याने मान हलवली आणि बाह्या वर केल्या.

काम त्याने जीव ओतून केलं. ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या जुन्या झाल्या की दाबाखाली फुगतात आणि पेडल जेवढं खाली जातं त्यातली बरीच चाल त्या फुगण्यातच वाया जाते. त्या काढून त्याने स्टीलच्या जाळीत विणलेल्या नळ्या लावल्या. जुनं काळपट ऑइल काढून नवं भरलं, डिस्क आवळून चाक थांबवणारे पॅड नवे घातले, चारही चाकांपाशी बसून नळ्यांतली हवा बाहेर काढली. आणि साडूच्या गाडीला काही खास करावं म्हणून पेडलमागचा मास्टर सिलिंडर बदलून जाड दट्ट्याचा बसवला. दट्ट्या जाड असला की तो थोडा सरकला तरी पुष्कळ ऑइल ढकलतो, त्यामुळे पेडल जेमतेम खाली जातं आणि दगडासारखं लागतं.

"दाबा," तो म्हणाला. "पैलवानाचा दंड आहे की नाही?"

चष्मेवाल्यांनी दाबलं. पेडल हललं न हललं. त्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

बाजार बंद असतो त्या दिवशी तिघं आवारात गेले. बायकोने घडीची खुर्ची सावलीत मांडली. ब्रेकवाल्याने सिमेंटवर खडूने जाड रेघ ओढली आणि बरंच पुढे पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं ठेवलं. ठरलेल्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक मारायचा आणि खोक्याच्या अलीकडे थांबायचं.

चष्मेवाले आले, रेघ आली, त्यांनी पेडल दाबलं. दाबलं म्हणजे स्टीअरिंगला धरून, पाठ सीटवर रेटून, बूड उचलून दाबलं. गाडी थांबली, पण खोकं तिच्या नाकाखाली चेपून गेलं होतं.

ब्रेकवाल्याने खोकं ठोकून सरळ केलं. नवीन पॅड आहेत, अजून घासून बसायचे आहेत, त्याने स्वतःचीच समजूत काढली. दुसऱ्या खेपेलाही खोक्याचं तेच झालं. मग तो स्वतः बसला. त्याच वेगाने आला, रेघेवर पाय टाकला, आणि गाडी जमिनीला खिळल्यासारखी खोक्याच्या किती तरी अलीकडे उभी राहिली.

तो उतरला आणि वाकून एकेका चाकाआड बघू लागला. गाडी जॅकवर चढवून परत बघतो, म्हणाला. जास्त चावणारे पॅड मागवू. डिस्कच मोठ्या करू. बोलता बोलता तो एकेक वस्तू वाढवत गेला, आणि प्रत्येक वस्तूबरोबर चष्मेवाल्यांची मान थोडी थोडी खाली गेली.

"राहू द्या, भाऊजी," खुर्चीची घडी घालत बायको म्हणाली. "तुम्ही काही कमी केलं नाहीत. मी उद्या फुलवाल्याशी बोलते."

चष्मेवाल्यांच्या दुकानात अशी माणसं नेहमी येत. भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं आधीच पाठ करून आलेली. घडाघडा म्हणून दाखवत, पास झाल्यासारखी खूश होत, आणि चुकीच्या नंबरचा चष्मा घेऊन घरी जात. मग पंधरवड्याने परत येऊन भांडत, की काच खराब आहे. चष्मेवाले त्यांना दरवेळी एकच सांगत: पाठ केलेलं सांगू नका, तुम्हाला जे दिसत नाही ते सांगा. आज ते स्वतः पाटी पाठ करून साडूकडे गेले होते.

"पेडल आधीपासून ठीक होतं," ते म्हणाले. "माझ्या उजव्या पायात जोर नाही. पडल्यापासून."

ब्रेकवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने घडी घातलेली खुर्ची पुन्हा उघडली आणि तिच्यावर बसली.

"बोललात एकदाचे," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"बूट मोच्याकडे कोण नेतं? दोनदा उजव्याचंच टोक झिजलं. पाय उचलणाऱ्याचं टोक झिजत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, चामडंच हलकं आहे."

ब्रेकवाल्याला हसू आवरेना, पण ते संपल्यावर तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. "साडूबुवा, तुम्ही आजारी म्हणून नाव एकाचं सांगितलंत आणि दुखणं होतं दुसऱ्याचं," तो म्हणाला. "मी तुमचं पेडल कडक केलं. तुम्हाला हवं होतं नेमकं उलट." मग गाडीच्या नाकावर बसून त्याने समजावलं. पायाचा जोर तोच असेल तर जाड दट्ट्यावर तो पसरतो आणि ऑइलवरचा दाब कमी पडतो. बारीक दट्ट्यावर तोच जोर एकवटतो, दाब वाढतो, गाडी कमी कष्टात थांबते. फक्त पेडल खोल जातं, आणि पायाला ते तितकंसं रुबाबदार लागत नाही. "पायाला कडक लागतं ते गाडीला थांबवतंच असं नाही. मलाही रुबाबच आवडला, तुमच्या एकट्याची चूक नाही. नळ्या बदलल्या ते मात्र कामी आलं. जुन्या नळ्यांत पेडलची जी चाल वाया जायची ती आता बारीक दट्ट्याला देता येईल."

गॅरेजात नेऊन त्याने जाड सिलिंडर काढून मूळच्याहूनही बारीक बसवला, पहिल्या दाबाला, थंड असतानाही धरतील असे पॅड लावले आणि पुन्हा हवा काढली. या वेळी पेडल दाबायला चष्मेवाल्यांनाच बसवलं, त्यांच्याच पायाने. कितपत जमतंय, असं तो मध्ये मध्ये विचारत होता आणि चष्मेवाले खरं सांगत होते. दोघांनाही त्याची सवय नव्हती, त्यामुळे काम जरा सावकाश झालं.

पुढच्या बंदच्या दिवशी पुन्हा तेच आवार, तीच रेघ, नवं खोकं. चष्मेवाल्यांनी रेघेवर पाय टाकला. पेडल खाली गेलं, आणखी खाली गेलं. हेच ते मऊ पेडल, ज्याची त्यांनी खोटी तक्रार केली होती. पण पाय न थरथरता पुढे जात राहिला, बूड सीटवरून उठलं नाही, आणि गाडी वाकून नमस्कार केल्यासारखी नाक खाली घालून थांबली. खोकं समोर उभं होतं. मध्ये एक माणूस आरामात आडवा झोपला असता.

बायकोने आणखी दोनदा करून दाखवायला लावलं. खोकं दोन्ही वेळा जागचं हललं नाही.

"एक सांगून ठेवतो," हात पुसत ब्रेकवाला म्हणाला. "याहून बारीक सिलिंडर या गाडीत बसत नाही. पाय आणखी अशक्त झाला तर माझ्याकडे येऊ नका."

"मग कुणाकडे जाऊ?"

"ताईंकडे. किल्ली घेऊन."

चष्मेवाल्यांनी मान हलवली. मनातल्या मनात नव्हे, दोघांना दिसेल अशी.

घरी जाताना बायको शेजारी बसली. व्हॅनच्या प्रकारानंतर पहिल्यांदाच. पिशवी मात्र तिने दोन्ही हातांनी धरली होती. पहिल्या सिग्नलला गाडी पुढच्या रिक्षाच्या बऱ्याच मागे थांबली, तेव्हा तिने एक हात सोडला. दुसऱ्या सिग्नलला दुसरा.

इमारतीखाली गाडी लावून दोघं जिन्यापाशी आले. ती सवयीने पुढे व्हायला निघाली, तसं चष्मेवाल्यांनी तिला थांबवलं. "मी होतो पुढे," ते म्हणाले, आणि तिच्या डोळ्यांदेखत कठडा धरून त्यांनी आधी डावा पाय वर ठेवला, मग उजवा ओढून घेतला. ती एक पायरी मागे राहून त्यांच्या चालीने चढत आली. वळणावर ते दम खायला थांबले, आणि तीही थांबली.