मी पाणी सोडते

मी पाण्याच्या वॉलची, म्हणजे व्हॉल्व्हची, चावी बोलतेय. कुलुपाची नव्हे हं! कमरेएवढी उंच, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये मला घालून फिरवलं, की आमच्या गावाला पाणी सुटतं. गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं. ज्वारी नंबर एक, पाणी मात्र चौथ्या दिवशी.

माझा जन्म मोडनिंबच्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. तिथून आले ती थेट कमलाकरच्या घरी, दाराआडच्या खिळ्यावर. खरं तर पाणी समितीची अध्यक्ष त्याची बायको, गोदावरी. समितीत निम्म्या बायका हव्यात, म्हणून नाव तिचं. बैठकीला जातो तो. मग वही घरी आणतो, रेघेवर बोट ठेवतो, आणि ती पिठाचा हात पदराला पुसून सही करते. चौथी शिकलेली बाई, पण वर काय लिहिलंय ते वाचायची सवड तिला कुणी दिलीच नाही.

आमच्याकडे बोलायची रीतच अशी, की पुरुष पाणी ‘सोडतात’ आणि बायका ‘भरतात’. सोडणाऱ्याला घाई नसते. आधी कमलाकरचा स्टँडवरचा चहा, मग गप्पा, मग मी. कधी नऊ, कधी साडेअकरा. गोदावरी सकाळीच खुरपायला जाते, म्हणून पाण्याच्या दिवशी दहावीतली सई घरी थांबते. तिची एसटी साडेसातलाच निघून जाते. घागरींच्या शेजारी बसून ती बीजगणित सोडवते. मला फार अपराधी वाटतं, कारण तिला घरी बसवणारी मीच.

गेल्या महिन्यात शाळेतून निरोप आला. हजेरी अशीच राहिली तर सईला परीक्षेला बसता येणार नाही.

गोदावरी नवऱ्याला म्हणाली, “पाणी सकाळी सहाला सोडा की. पोरगी भरून साळंला जाईल.”

“सहाला कोण उटतंय? त्या साळंवर पाणी सोड आता. लई शिकली.”

ती उठून त्याच्यापुढे आली. मग हात पुढे केला. “सोडते की. चावी आना हिकडं.”

तो हसला. ती हसली नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी सहाला तिनं मला खिळ्यावरून उतरवलं आणि चेंबरशी वाकून दोन्ही हातांनी फिरवलं. बांगड्या माझ्या मुठीवर वाजल्या, पाणी सुटलं, सईला एसटी मिळाली. पाच पाळ्या असंच चाललं. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा माझ्या कामाचा आनंद झाला.

पण स्टँडवर टोमणे सुरू झाले. “बाई वॉल फिरवती आन् दादला चहा पितोय!” कमलाकरला ते झोंबलं. आज गोदावरी रानात असताना बैठक उरकली. आता तो वही घेऊन तिच्यापुढे बसलाय. रेघेवर बोट.

“कर सही.”

“काय लिवलंय?”

“तुला काय करायचंय? नेहमीचंच हाय.”

तिनं पेन घेतलं आणि हाक मारली, “सई, हितं ये गं. मोठ्यानं वाच.”

सई वाचते, “वॉलची चावी यापुढे पुरुष सदस्याकडेच राहील. यास अध्यक्षांची स्वखुशीने...” ती तिथंच थांबून आईकडे बघते.

कमलाकरचं बोट हललेलं नाही. पेन उघडं आहे. मी खिळ्यावरून बघतेय, आणि मला भीती वाटतेय.

गोदावरीबाई, तुझ्या भरल्या घागरीएवढी जड मी नाही गं. उद्या पाण्याचा दिवस आहे. सहाला मला उतरव.