नव्या पाटाचं पाणी

पाणी वाहत होतं, यात वादच नव्हता. नव्या पाटाच्या शेवटाला, लाल खुंटीपाशी, जिथे मोजायचं असं कागदावर ठरलेलं होतं, तिथेच तिने दांडी पाण्यात धरली. दांडीच्या टोकाचा छोटा पंखा गरगर फिरला आणि हातातल्या डबीवर आकडा उमटला. हवा होता त्याहून थोडा जास्तच. तिने दांडी उचलून पुन्हा धरली. आकडा तोच.

"झालं ना, मॅडम? मी म्हटलं नव्हतं, होऊन जाईल?"

मागे कंत्राटदाराचा पर्यावरण अधिकारी उभा होता. गेल्या दीड वर्षात उडणारी धूळ, सांडलेलं तेल, टाकून दिलेला राडारोडा, तिने काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर 'होऊन जाईल' हेच असायचं. तिच्या खात्यात त्याचं नावच होऊनजाईल पडलं होतं. आपल्याला इकडे अटीबाई म्हणतात, हेही तिला ठाऊक होतं. विमानतळाला परवानगी देताना खात्याने घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही हे बघणं तिचं काम. त्या सगळ्या अटी तिला पाठ होत्या, आणि लोकांना खुपायचं ते तेवढंच.

आजची अट साधी होती. धावपट्टीच्या भरावाच्या वाटेत एक ओढा येत होता. तो बुजवायचा तर आधी भरावाला वळसा घालून त्याला नवा पाट काढून द्यायचा, त्या पाटातून ओढ्याचं पाणी वाहतंय हे खात्याच्या माणसाने मोजायचं, सही करायची, आणि मगच जुन्या पात्रात माती टाकायची. डंपर सकाळपासून रांगेत उभे होते. सही झाली की संध्याकाळच्या आत माती पडणार होती. पुढे त्यावर चार मजले उंच भराव, त्यावर काँक्रीट. नंतर कोणाला चूक कळली तरी ओढा उकरून काढायला कोणी जाणार नव्हतं.

तिने आकडा लिहायला घेतला आणि पेनाचं टोपण दातांत धरलं. ही खोड शाळेपासूनची. घरात एक टोपण धड नव्हतं. आज सकाळीच सासूबाईंनी एक चघळलेलं टोपण तिच्या पानाशेजारी आणून ठेवलं होतं.

"अगं, लोक म्हणतील सुनेला पोटभर वाढत नाहीत."

"आई, उंदीर समजून औषध टाकू नकोस म्हणजे झालं," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला होता.

"चहा इकडेच मागवू का?" होऊनजाईलने विचारलं. ती 'नको' म्हणायला गेली आणि टोपण सुटून पाण्यात पडलं. निळं टोपण एक डुबकी खाऊन वर आलं, लाल खुंटीवरून पुढे गेलं आणि पाटाच्या टोकाशी असलेल्या तळ्यात शिरलं. गाळ खाली बसावा आणि नितळ पाणी पुढे ओढ्याला मिळावं, म्हणून हे तळं बांधलेलं होतं. तळ्याच्या काठावर एक डिझेल पंप धडधडत होता.

चहा नको म्हटला तरी आलाच. पाटाच्या कडांचं दगडकाम, कडेला लावलेलं गवत, सगळं तिने बघून घेतलं. गवत बरं उगवलं होतं. सहीच्या कागदावरची शेवटची ओळ भरायला ती पुन्हा खुंटीपाशी आली, तेव्हा वरच्या अंगाने काहीतरी निळं तरंगत येताना दिसलं.

बूट, सलवार, कशाचाही विचार न करता ती पाटात उतरली आणि तिने ते पकडलं. एका बाजूने खरचटलं होतं, पण टोकाशी दोन खोल खळगे आणि शेजारी एक तिरका. हे ठसे तिने अंधारातही ओळखले असते.

"हे माझं टोपण," ती म्हणाली. "मघाशी खाली तळ्यात गेलं होतं. वरून कसं आलं?"

होऊनजाईलने टोपण नीट निरखलं. "टोपणं सगळी सारखीच असतात, मॅडम."

"दात सारखे नसतात."

तो हसला, पण जरा उशिरा हसला.

ती तळ्याच्या काठाने चालत सांडव्यापर्यंत गेली. एवढं पाणी आत येत होतं, तर ते इथून पुढे पडायला हवं होतं. सांडव्याची कड कोरडी ठणठणीत होती. तिच्यावर धूळ बसली होती आणि धुळीत कुठल्याशा पाखराची पावलं उमटली होती. म्हणजे तळ्यातलं पाणी पंप उचलत होता, पुरलेल्या नळीतून पाटाच्या तोंडाशी नेत होता आणि तेच पाणी पुन्हा खाली येऊन तिच्या पंख्याला फिरवत होतं. ओढ्याचा थेंबही नव्या पाटात आलेला नव्हता.

"पाटाचं तोंड बघायचंय मला."

"तिथे दरडीचा धोका आहे. सेफ्टीचा पास लागतो."

"द्या पास."

"पास देणारा रजेवर आहे."

"मग पंप बंद करा. अर्धा तास."

"करतो की," होऊनजाईल अगदी नम्रपणे म्हणाला. "पण तळं भरलं आणि गढूळ पाणी ओढ्यात गेलं, तर दंड कोण करणार? तुम्हीच. तुमचीच अट आहे, गाळाचं पाणी तळ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही."

ती अट तिनेच आग्रहाने घालून घेतली होती. तिने साहेबांना फोन लावला.

"आकडा आला का?" साहेबांनी विचारलं.

"आला. पण पाणी तेच तेच फिरतंय, साहेब." तिने टोपणाची हकिकत सांगितली. पलीकडे साहेबांची खुर्ची करकरली.

"उद्या मला वरून विचारलं, सही का अडली, तर काय सांगू? बाईंचं टोपण परत आलं?"

"सांडवाही कोरडा आहे. पंप बंद करायचा आदेश द्या, लगेच कळेल."

"आदेशाला कारण लागतं."

"तेच सांगितलं मी."

"ती गोष्ट झाली, कारण नव्हे. अटीत लिहिलंय, लाल खुंटीपाशी मोजा. मोजलंत, आकडा भरला. ऑफिस सुटायच्या आत सही करा. नाहीतर उद्या दुसरा माणूस पाठवतो. त्याला टोपणं चावायची सवय नाही."

फोन बंद झाला. तिने हातातलं टोपण नकळत तोंडाकडे नेलं. ते कुठल्या पाण्यातून फिरून आलंय हे आठवलं, आणि तिने ते खिशात टाकलं.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे पोहरा भरून दाखवला होता, आणि आडात डोकावून बघायची तिला परवानगी नव्हती. दीड वर्ष ती हेच करत आली होती. धूळ मोजायचं यंत्र ठेवलं, तर यांचा पाण्याचा टँकर नेमका त्याच्याभोवती फेऱ्या घालायचा. आवाज मोजायला आली की यंत्रांना जेवणाची सुट्टी व्हायची. आकडे चोख, आणि आकड्यांच्या चार पावलं पलीकडे हवं ते चालू.

पंपाच्या धुराने डोळे चुरचुरले म्हणून तिने मान वळवली, आणि समोरची पाटी दिसली. लाल अक्षरांत, हातभर उंच: 'पाण्याच्या पन्नास मीटरच्या आत इंधन भरण्यास सक्त मनाई'. तळ्यात डिझेल सांडलं म्हणून तिने दोन महिन्यांपूर्वी दंड ठोकला होता, तेव्हा कंत्राटदारानेच ती पाटी लावली होती. आता पंपात डिझेल भरायचं तर तो क्रेनने उचलून वर फाटकापाशी न्यायचा, असा नियम. तो नियम तिची पाठ वळल्यावर कोणी पाळत नसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण आज तिची पाठ वळलेली नव्हती.

"मला एक खुर्ची मिळेल का?" तिने विचारलं.

"ऑफिसात एसी आहे, मॅडम. तिथे बसा ना."

"इथेच बरं आहे. कामाचा दिवस संपेपर्यंत कितीही वेळा मोजता येतं. मी परत मोजणार आहे."

"कधी?"

होऊनजाईलने एकदा तिच्याकडे बघितलं, मग पाटीकडे, मग पंपाच्या टाकीकडे. त्याच्या नेहमीच्या शब्दाची वेळ आली होती, पण तो आला नाही.

प्लास्टिकची खुर्ची आली. ऊन चढलं. पंपवाला दोन कॅन घेऊन उतारावरून आला, तिला पाहून थबकला आणि काहीतरी विसरल्यासारखं करून आल्या पावली परत गेला. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने आला. तिथूनही गेला. मग निरोप आला की वरच्या फाटकापाशी धूळ फार उडतेय, मॅडमनी येऊन बघावं. एरवी याच धुळीसाठी तिने शंभर हेलपाटे घातले असते. "उद्या बघते," ती म्हणाली.

ओढ्याच्या काठाने बदकवाली आली. खालच्या डोहावर तिची बदकं होती. डोहाला पाणी या ओढ्याचंच, त्यामुळे दर भेटीला ती एकदा तरी गाठायचीच.

"काय मॅडम, पहारा?"

"हो, मावशी."

"माती टाकणार म्हणतात आज."

"बघू."

"बघा. डोह आटला तर तुमच्या कागदावर काही माझी बदकं पोहायची नाहीत." ती पुढे निघाली, मग वळली. "डबा खाल्लात का? नाही ना? तोंड बघा कसं झालंय. आधी खा, मग भांडा."

तिने डबा उघडला. सासूबाईंनी दोनच्या जागी चार पोळ्या भरल्या होत्या. टोपणाचा राग असा निघाला होता.

दुपार कलली तेव्हा पंप खोकला. दोनदा धाप लागल्यासारखा थांबत थांबत चालला आणि बंद पडला. इतका वेळ कानात भरलेला आवाज गेल्यावर डंपरवाल्यांचं बोलणंही ऐकू येऊ लागलं. पंपवाला वरून बघत होता. क्रेन दुसऱ्या टोकाला अडकली होती. ती येईपर्यंत कोणाला काही करता येणार नव्हतं.

पाटातलं पाणी आधी संथ झालं, मग उतरलं. तळाचे दगड वर आले. तिने लाल खुंटीपाशी दांडी धरली. पंखा हलला नाही. तीन वेळा मोजायचा नियम, म्हणून तीन वेळा मोजलं. शून्य लिहिलं आणि होऊनजाईलपुढे सहीसाठी कागद धरला. शून्याची नोंद झाली की पंधरा दिवस फेरमोजणी नाही, हीसुद्धा अटच होती. दुसरा माणूस उद्या आला तरी त्याला मोजता येणार नव्हतं.

होऊनजाईल पाटाच्या कडेला उकिडवा बसला. सही करून त्याने कागद परत दिला.

"पातळी चुकली," तो म्हणाला. "पाटाचं तोंड ओढ्याच्या तळापेक्षा दोन वीत उंच निघालं. पाणी चढणार कसं?"

"मग खोदायचं होतं."

"खाली अखंड खडक आहे. सुरुंग लावावा लागेल."

"लावा."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. "परवानगी तुमचं खातं देतं, मॅडम. चार महिने झाले अर्ज देऊन. सात वेळा फोन केले. तुमचे साहेब काय म्हणतात माहितीय? होऊन जाईल."

तिला साहेबांचं टेबल आठवलं. डाव्या हाताला फायलींचा गठ्ठा, आणि दुपारी त्या गठ्ठ्यावर ठेवलेला साहेबांचा जेवणाचा डबा.

"हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर पातळी चुकली म्हणून आधी नोटीस आली असती."

खरं होतं. नोटीस तिनेच लिहिली असती, आणि तीही त्याच दिवशी.

वर डंपर एकेक करून वळायला लागले. त्यांची धूळ पाटावर येऊन बसली. ओढा आपल्या जुन्याच पात्रातून, उतरत्या उन्हात, खालच्या डोहाकडे चालला होता.

दुसऱ्या दिवशी ती वेळेआधी ऑफिसात गेली. साहेब आले, खुर्चीत टेकले, आणि डबा गठ्ठ्यावर ठेवणार तोच तिने तो हातातून घेऊन खिडकीत ठेवला.

"हे काय?"

तिने गठ्ठ्याच्या तळातून सुरुंगाच्या अर्जाची फाइल ओढली. डब्याच्या बुडाचा जुना, गोल तेलकट डाग तिच्या कव्हरवर उमटलेला होता. फाइल उघडून तिने साहेबांपुढे ठेवली, वर कालची शून्याची नोंद ठेवली आणि आपलं पेन पुढे केलं.

साहेबांनी पेनावरच्या टोपणाकडे बघितलं. खिशातून स्वतःचं पेन काढलं, पण ते उघडलं नाही.

"वाचून बघावं लागेल. तुम्ही व्हा पुढे."

"वाचा ना," ती म्हणाली. तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली.