अँब्रोसचे चार रविवार

ग्लोरी चेचीने मडकं चटईवर पालथं केलं. तीन काजूबिया पडल्या आणि एक खडा. खडा घरंगळत पत्रोसच्या पायापाशी थांबला. पत्रोसने तो उचलला नाही.

काजूबी म्हणजे होकार, खडा म्हणजे नकार. चौघांच्या कार्यकारी मंडळात एकही खडा पडला, तर उमेदवाराने पुढच्या सणापर्यंत थांबायचं. तीन वेळा खडा पडला की उमेदवारी संपते. रीत जुनी होती आणि मत गुप्त असे. तरी बाकी तिघांनी शिंपी अँब्रोसकडे न बघण्याची इतकी काळजी घेतली की खडा कुणाचा, हे न सांगताच ठरलं.

"हा दुसरा," पत्रोस म्हणाला. "क्लीटसला आता काय सांगायचं?"

"सांगायचं, घडण पुरी झालेली नाही," अँब्रोस म्हणाला.

"घडण? अख्खा नियम तोंडपाठ आहे त्याला. मला वचन घेऊन वीस वर्षं झाली, मला चार ओळी येत नाहीत."

"पाठ काय, पोपटही करतो."

"मग पोपटाला घे उमेदवार. तो निदान तुझ्या कोटाबद्दल बोलणार नाही."

ग्लोरी चेचीने पत्रोसच्या गुडघ्यावर चापट मारली. ती मंडळाची प्रमुख, सगळ्यांची चेची म्हणजे ताई होती, आणि त्याआधी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. भांडण वाढायच्या आधी थांबवायची तिला सवय होती.

कोल्लमच्या किनाऱ्यावरच्या या चर्चच्या मागच्या खोलीत दर महिन्याला तीसेक माणसांचं मंडळ जमतं. जाळी विणणाऱ्या बायका, काजूच्या कारखान्यातल्या कामगार, एक रिक्षावाला, दोन निवृत्त शिक्षिका. घर आणि धंदा न सोडता संत फ्रान्सिसच्या नियमाने जगण्याचं वचन त्यांनी घेतलेलं असतं. वचन घेण्याआधी उमेदवाराची घडण व्हावी लागते. हे काम एकोणीस वर्षं त्रेसिया टीचर एकट्या करत होत्या. गेल्या नाताळात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता त्या पाटीवर लिहितात.

टीचरनी पाटीवर काही लिहिलं आणि ती सगळ्यांना दिसेल अशी धरली. 'घडण अपुरी राहिली, तर चूक कुणाची?'

"तुमची नाही, टीचर," ग्लोरी चेची घाईने म्हणाली.

टीचरनी पाटी पदराने पुसली आणि पुन्हा लिहिलं. 'माझी. मी एकटीने केली. तुमचीही. तुम्ही करू दिलीत.'

कोपऱ्यात बेनडिक्ट अच्चन बसले होते. मठातून दर महिन्याला येणारे हे फादर मंडळाचे मार्गदर्शक, पण मडक्यात बी टाकायचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी चष्मा काढला.

"नियमात असंच आहे," ते म्हणाले. "घडण आधी ज्याची त्याची, मग सगळ्या घराची. क्लीटस दीड वर्ष येतोय. तुमच्यापैकी कुणाकडे तो जेवलाय?"

ग्लोरी चेची चटईवरच्या काजूबिया गोळा करू लागली.

"माझ्याकडे फ्रीज दुरुस्त करायला आला होता एकदा," पत्रोस म्हणाला. "चहा घेतला की नाही आठवत नाही."

त्या दिवशी असं ठरलं की जूनपासून क्लीटसने एकेक महिना एकेकाकडे जायचं. रविवारची प्रार्थना झाली की दुपारपर्यंत त्यांच्या घरी. जून टीचरचा, जुलै ग्लोरी चेचीचा, ऑगस्ट पत्रोसचा. ऑक्टोबरमधल्या संत फ्रान्सिसच्या सणाआधी पुन्हा मडकं फिरायचं होतं, आणि त्याआधीचा सप्टेंबर अँब्रोसचा.

"मी शिंपी आहे. मी काय शिकवणार?" अँब्रोसने विचारलं.

"शिकव कोण म्हणालं?" ग्लोरी चेची म्हणाली. "येऊ दे त्याला, एवढंच."

क्लीटस बर्फाच्या कारखान्यात यंत्रावर होता. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मुलाच्या लग्नाचा कोट अँब्रोसने शिवला होता. लग्नाच्या दिवशी कोट आखूड झाला. माप चुकलं की माप घेतल्यानंतरच्या चार महिन्यांत पोरगा अंगाने सुटला, हे कुणी तपासलं नाही. क्लीटस ताडीच्या दुकानात एवढंच म्हणाला, "तो मेलेल्यांचे कपडे शिवतो ना, त्याला वाटलं नवरा आडवाच राहणार." दुकान हसलं. आठवड्याभरात गाव हसलं.

वाक्य चिकटलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. या मंडळात वचन घेतलेल्या माणसाला तपकिरी झग्यात पुरतात, आणि सगळे झगे अँब्रोस शिवायचा. वचन झालं की तो त्या माणसाचं माप घेई, खांद्यापासून घोट्यापर्यंत लांबीची नाडी कापून तिला नावाची चिठ्ठी शिवे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. झगा शिवून झाला की तो ज्याच्या त्याच्या घरच्या पेटीत जाई. या कामाचे तो पैसे घेत नसे. पोट भरायचं ते लग्नाच्या कपड्यांवर. त्या वाक्यानंतर लग्नाची गिऱ्हाइकं कोल्लम शहरात जाऊ लागली. अँब्रोसकडे शाळेचे गणवेश उरले.

आणि त्यानंतर साडेचार वर्षांनी ताडी सोडलेला क्लीटस नियमाचं पुस्तक काखेत घेऊन चर्चमागच्या खोलीत आला आणि अँब्रोसच्या शेजारच्या चटईवर बसला. त्याने माफी मागितली नाही. बहुधा आपण काही बोललो होतो हेच त्याच्या लक्षात नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी अँब्रोस मुलीकडे, बीनाकडे, पुनलूरला गेला. क्लीटस बंद दुकानासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला.

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा आला. अँब्रोस मशीनवर होता.

"चेट्टा, बसू का?" क्लीटसने थोरल्या भावाला म्हणावं तसं विचारलं.

"खुर्ची आहे."

क्लीटस बसला. मशीन चालत राहिलं.

"काही विचारायचं असलं तर विचारा. नियमातलं."

"मला नियम येत नाही."

"मग मी म्हणून दाखवतो."

"नको."

अँब्रोसच्या बायकोने, रोझलीनने, कोरा चहा आणि केळ्याची भजी आणून ठेवली. "यांचं बोलणं कापडासारखं आहे, क्लीटस," ती म्हणाली. "मापून मिळतं."

"यांचं माप मला ठाऊक आहे," क्लीटस सहज म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

मशीन थांबलं. रोझलीनने बशी उगाच सरळ केली. मग मशीन पुन्हा सुरू झालं आणि दुपारपर्यंत थांबलं नाही.

तिसऱ्या रविवारी क्लीटस पुस्तक न घेता आला. त्याने जमिनीवरच्या टाचण्या वेचल्या, गणवेशांना बटणं लावली. तीन बटणं उलटी लागली. अँब्रोसने ती उसवून पुन्हा लावली.

चौथ्या रविवारी पहाटे अग्नेस अम्मामा गेली. मंडळातली सगळ्यात म्हातारी. ग्लोरी चेची स्वतः सांगायला आली.

"पेटी उघडली तर झग्याला वाळवी," ती म्हणाली. "कंबरेपासून खाली काही उरलं नाही. उद्या सकाळी पुरायचं आहे, आणि आज संध्याकाळी लोक दर्शनाला येणार."

"कापड थोडं आहे," अँब्रोस म्हणाला. "बघतो."

त्याने डब्यातून अग्नेस अम्मामाची नाडी काढली. नाडी चाळीस वर्षांपूर्वीची होती, आणि अम्मामा गेली दहा वर्षं कमरेत वाकून, काठीवर रेलून चालत होती. त्याने मनातल्या मनात तिला चर्चच्या पायरीवर उभी केली, नाडीतून चार बोटं वजा केली आणि खडूने रेघ मारली. तेवढ्यात क्लीटस दारात आला.

"आज जा तू. काम आहे."

"काम आहे म्हणूनच बसतो."

वीज गेलेली होती. अँब्रोसने पायाचं जुनं मशीन पुढे ओढलं. क्लीटस कापड धरून उभा राहिला. कडेची शिवण झाल्यावर त्याने झगा उलटा करून पाहिला.

"हा तर मागून उघडा आहे."

"मेलेला माणूस हात वर करत नाही. पुढून घालायचा आणि मागे खोचायचा."

क्लीटसने झगा परत मशीनखाली सरकवला. सुई दोनदा वरखाली झाली असेल.

"तुझ्या मुलाचा कोटही असाच शिवायला हवा होता," अँब्रोस मशीनवरून मान न उचलता म्हणाला. "कुठेच आखूड झाला नसता."

क्लीटसचा चेहरा उतरला. सहा वर्षांपूर्वीचं वाक्य त्याला त्या क्षणी आठवलं असावं. अँब्रोसने झग्याच्या कमरेला बांधायच्या पांढऱ्या दोरीचा तुकडा त्याच्याकडे टाकला.

"तीन गाठी लागतात. तुझा बाप जाळी विणायचा ना?"

"तीन गाठी म्हणजे तीन वचनं. नियमात..."

"बांध."

क्लीटसने बांधल्या. सुटणार नाहीत अशा.

संध्याकाळी बायकांनी अम्मामाला झगा घातला आणि तिच्या घरच्या पुढच्या खोलीत बाकावर ठेवलं. अँब्रोस दाराशी पोचला तेव्हा दिवा लागलेला होता. त्याला आधी तिचा चेहरा दिसला, मग हातातली जपमाळ, मग पाय. झगा घोट्याच्या वर चार बोटं संपत होता. काठी गेली होती, कंबर सरळ झाली होती. मेल्यावर अग्नेस अम्मामा पुन्हा चाळीस वर्षांपूर्वीइतकी लांब झाली होती, आणि हे अँब्रोसच्या लक्षात आलं नव्हतं.

अंगणात माणसं जमत होती. ताडीच्या दुकानातलीही काही होती. क्लीटस बाकाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने पायांकडे पाहिलं, मग दाराकडे, अँब्रोसकडे.

अँब्रोस उंबऱ्यावर थांबला. पुढे गेला नाही, मागेही फिरला नाही.

बोटवाल्यांच्या संघाने आणलेलं फुलांचं मोठं चक्र डोक्याकडच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. क्लीटसने ते उचललं.

"हे इकडे ठेवतो," तो अम्मामाच्या मुलाला म्हणाला. "तिकडे येणाऱ्याजाणाऱ्याला अडतंय."

त्याने चक्र पायांवर तिरकं ठेवलं आणि वरची दोन फुलं सारखी केली. मग अंगणात जाऊन खुर्च्या मांडू लागला.

पुढचे काही दिवस रोझलीन बाजारात, नळावर, मासे उतरतात तिथे कान देऊन होती. झग्याचं तिला त्याच रात्री नवऱ्याने सांगितलं होतं.

"काही नाही, बीनाच्या पप्पा," ती म्हणाली. "कुठेच काही नाही. ताडीच्या दुकानाशेजारच्या मीरालाही विचारून झालं."

"तू विचारत काय फिरतेस?"

"काय विचारलं ते नाही सांगितलं मी. क्लीटस बरा आहे ना, एवढंच विचारलं."

सणाआधीच्या बैठकीत ग्लोरी चेचीने मडकं मध्ये ठेवलं, पण लगेच फिरवलं नाही. "आधी प्रत्येकाने आपापला महिना सांगा," ती म्हणाली. "त्याचं काय झालं ते नको. आपण काय केलं ते."

तिने स्वतः तीन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायला त्याला नेलं होतं. "पहिल्या घरी त्याला ओकारी आली. मी हसले. हसायला नको होतं."

"मी त्याला लिलावात बसवला," पत्रोस म्हणाला. तो माशांच्या लिलावात बोली लावायचा. "तो शेजारी बसला की मला शिव्या देता येत नव्हत्या. धंदा मंदा झाला. पण आता सवय झाली."

टीचरनी पाटी फिरवली. 'मला आवाज नव्हता. त्याला होता. दोघं गप्प बसलो.'

सगळे अँब्रोसकडे बघू लागले. या वेळी कुणी नजर टाळली नाही.

"पहिल्या रविवारी मी पुनलूरला गेलो," अँब्रोस म्हणाला. "मुद्दाम गेलो. तो एक रविवार माझ्याकडून राहिलाय."

"आणि बाकीचे?" अच्चननी विचारलं.

"बाकीच्यात त्याने माझं काम पाहिलं." अँब्रोस थांबला. "जसं झालं तसं पाहिलं."

ग्लोरी चेची मडक्याकडे बघत होती. झगा घालणाऱ्या बायकांत तीही होती.

मडकं फिरलं. पालथं केलं तेव्हा चार काजूबिया पडल्या. पत्रोसने त्या गोळा केल्या आणि खिशात टाकल्या. त्या भाजून खायच्या असतात, हीसुद्धा रीतच.

सण झाला, वचन झालं. पुढच्या रविवारी क्लीटस मापासाठी दुकानात आला. नव्या सदऱ्यावर लाकडी क्रूस होता. त्याने चपला बाहेर काढल्या आणि आरशासमोर ताठ उभा राहिला.

"तिथे नको," अँब्रोस म्हणाला. त्याने कापायच्या टेबलावरचे गणवेश उचलून बाजूला ठेवले. "इथे आडवा हो."

"आडवा?"

"आता आडवंच माप घेतो मी."

क्लीटस टेबलावर चढला आणि पाठीवर झोपला. हातांचं काय करावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने ते छातीवर ठेवले. अँब्रोसने नाडी खांद्याला लावली, घोट्यापर्यंत नेली, तिथे चार बोटं मोजली आणि त्यापुढे कात्री चालवली.

"लांब होईल, चेट्टा," छताकडे बघत क्लीटस म्हणाला.

"होऊ दे."

डब्यात अग्नेस अम्मामाची नाडी अजून होती. अँब्रोसने ती काढली नाही. क्लीटसची नाडी गुंडाळून तिच्याशेजारी ठेवली आणि झाकण दाबून लावलं.

"उठू का?"

"ऊठ," अँब्रोस म्हणाला. "हात धू. एक रविवार राहिलाय. रोझलीनने भात वाढलाय."