दुपारी दोनची नोंद

उन्हाळ्यात वाळवंटातल्या वार्गल्याची कामं पहाटे सुरू होतात आणि दुपारी एकला सगळं शहर दारं लावून आडवं होतं. डॉक्टर मब्रूकाचं संशोधनही याच घड्याळाने चाललं. विषारी शिशाऐवजी कथील वापरून बनवलेलं तिचं पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचं सोलर पॅनेल विद्यापीठाच्या गच्चीवर सकाळी आठ ते दहा मोजलं जाई, आणि आकडे असे देखणे येत की बघत राहावं.

म्हातारा तंत्रज्ञ सी तय्यब एकदा म्हणाला होता, "डॉक्टर, एकदा दोन वाजता मोजूया की. तापलं की व्होल्टेज बसतं याचं."

"दोन वाजता गच्चीवर पालसुद्धा नसते, सी तय्यब. तुम्हीच जा, छत्री देते."

सगळे हसले. तोही हसला, पण पुन्हा त्याने विषय काढला नाही. शहाणपण मब्रूकाकडे भरपूर होतं, फक्त ते एक वाजता झोपत होतं.

तसलंच पॅनेल तिने आईच्या घरावर बसवलं, पंख्यासाठी. वीज नेमकी उन्हाळ्यात जायची. भावाने बाजारातलं साधं पॅनेल आणलं, ते आईने परत धाडलं. मब्रूका रोज सकाळी फोन करी, "यम्मा, पंखा?"

"फिरतोय गं, गार वाटतं अगदी."

दोन उन्हाळे हेच उत्तर.

मग तिचा लेख छापून आला. तो दाखवायला ती झोप मोडून भर दुपारी आईकडे गेली. वीज नव्हती. आई ओल्या चादरीवर बसून झावळीच्या पंख्याने वारा घेत होती. छताचा पंखा इतका संथ फिरत होता की पाती मोजता यावीत.

मब्रूका गच्चीवर गेली. पॅनेलला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तशीच खाली आली.

"कधीपासून असं?"

"दुपारचंच तेवढं. पाचनंतर येतो ताळ्यावर."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू सकाळी विचारतेस, सकाळी छान फिरतो. शेजारणींनासुद्धा मी सकाळीच बोलावते, माझ्या लेकीचा पंखा बघायला."

मब्रूकाला स्वतःची लाज वाटली. आईचे दोन उन्हाळे आता कुठून परत आणणार होती ती?

"हातात काय आणलंस?" आईने विचारलं.

"काही नाही, यम्मा." तिने आईच्या हातातला झावळीचा पंखा घेतला आणि पाच वाजेपर्यंत वारा घालत बसली.