बेंदराआधीची लावण

आकारामनं उसाचं मधलं कांडं दाढेखाली धरून चावलं, रस जिभेवर घोळवला आणि चोथा बांधावर थुंकला.

"वयनी, तुमचा ऊस तयार हाय. गाळप सुरू झालं की तोडणीची पयली टोळी तुमच्याकडंच."

राहीबाईचा चेहरा खुलला. नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्यानंतर तिनं स्वतःच्या हातानं लावलेला हा पहिलाच ऊस. या दोन एकरांवाचून तिला दुसरा आधार नव्हता.

आकाराम साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून. बावीस वर्षं लावणीची नोंद त्याच्याकडे आणि तोडणीचा क्रमही त्याच्याच हातात. मुलखाची रीत अशी, की लावण करायची बेंदूर हा बैलांचा सण झाल्यावर, आषाढ सरताना नाहीतर श्रावणात. वहीत मात्र सांगायची बेंदराआधीची तारीख. लवकरची तारीख, लवकर तोड. सगळे एका सुरात खोटं बोलायचे आणि आकाराम निमूट लिहून घ्यायचा. भल्या माणसाला तोंडावर खोटारडा कसं म्हणायचं? हंगाम आला की तो वही मिटायचा, सायकल काढायचा आणि शेतोशेत ऊस चावत फिरायचा. जो पिकला तो आधी. या उद्योगात त्याच्या चार दाढा गेल्या, पण कारखान्याचा साखर उतारा कधी पडला नाही. हे सगळं चालायचं त्याच्या तोंडात, कागदावर त्यातलं काही नव्हतं.

राहीबाईनं मात्र गेल्या वर्षी खरी तारीख सांगितली होती. "बेंदराच्या दुसऱ्या दिशी लावलाय. पाच जुलै ल्ह्या." आकारामला तेव्हा हसूच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी चेअरमन लालासाहेबांचं बोलावणं आलं. वशिल्यानं तोड होते अशी ओरड फार होती. म्हणून साहेबांनी ठरवलं होतं, की सगळ्या नोंदी पुण्याला धाडायच्या, तिथं भोकं पाडलेली कार्डं यंत्रात घालायची आणि तोडणीची यादी छापून आणायची. पुण्याचे दोन टायवाले साहेब समोर बसले होते. त्यातल्या एकानं शहाणपणाचा प्रश्न विचारला, "यातून तुम्हाला नेमकं काय साधायचंय?"

"साखर वाढली पायजे आन् वशिला बंद झाला पायजे. यादी तारखेनं लावा, दोनी कामं हुत्यात." मग लालासाहेब वळले. "काय आकाराम, तारखा बरोबर हाईत न्हवं?"

आकारामच्या तोंडात वाक्य तयार होतं. साहेब, तारखा खोट्या हाईत, ह्या यादीनं साखर वाढायची न्हाई. पण मग बावीस वर्षं खोटं लिहिलं कुणी? निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

"व्हय साहेब," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी यादी आली. राहीबाईचा नंबर आठशे त्रेचाळीस.

कोवळा ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडू लागला. उतारा घसरला, तेव्हा लालासाहेबांनी इंजिनिअरला फैलावर घेतलं आणि चरकाचे रोलर दोनदा खोलून बघितले. यादीवर कुणी संशय घेतला नाही. ती यंत्रातून आली होती.

राहीबाई कचेरीत आली. "आवं आकारामभाऊ, तुमीच म्हणाला व्हता की."

"यादी पुण्याची हाय, वयनी. माज्या हातात काय न्हाई आता."

जानेवारीत ती पुन्हा आली. तोवर उसाला तुरे येऊन आतला रस आटायला लागला होता. "शेजारच्या भाऊसोचा ऊस माज्या मागनं महिन्यानं लावलेला. त्यो तुटला. मग माजाच का ऱ्हायला?"

कचेरीत उत्तर एकट्या आकारामला ठाऊक होतं. ती गेल्यावर तो तडक उठून साहेबांच्या दारापर्यंत गेला. शिपायानं विचारलं, "काय काम?" आकाराम म्हणाला, "काय न्हाई," आणि परत येऊन खुर्चीत बसला. त्या दिवशी त्याला स्वतःची किळस आली.

टोळी एप्रिलात पोचली. मुकादमानं एक ऊस मोडून बघितला आणि कोयता परत कमरेला खोवला. असला ऊस कारखाना घेत नाही, हे त्याला पाठ होतं. आकाराम सायकल हाणत आला तेव्हा टोळी निघून गेली होती. राहीबाई बांधावर बसली होती. ती उठली, एक ऊस मोडला आणि मधलं कांडं त्याच्यापुढं धरलं.

"चावून बगा की. तुमाला कळतंय."

त्यानं चावलं. आत नुसती पांढरी दशी, रसाचा थेंब नाही. तिच्यादेखत थुंकायची त्याला छाती झाली नाही. तो कोरडा चोथा त्यानं कसाबसा गिळला. दोन दिवसांनी तिनं फड पेटवून दिला.

पुढच्या जुलैत, बेंदूर होऊन दोन दिवस झाल्यावर, राहीबाई नोंदीला आली. त्या लावणीची यादीही पुण्याहूनच यायची होती. तिच्या पायांवर शेतातला ओला चिखल होता, बोटांना बेंदराला बैलांची शिंगं रंगवलेला तांबडा हिंगूळ लागला होता.

"लावण कवाची?" आकारामनं विचारलं.

"ल्ह्या वीस जून."

त्यानं मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती, पापणीसुद्धा न हलवता.

आकारामनं वीस जून लिहिलं आणि वही तिच्यापुढं सरकवली. तिनं हिंगुळानं माखलेला अंगठा पदराला पुसला, शाईत बुडवला आणि तारखेसमोर नीट दाबून धरला.